धान वाहतुकीचा हंगाम आणि डिझेल इंजिनातील काजळी

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील बांध्यांतून हलक्या धानाची कापणी सुरू होते आणि पाठोपाठ मध्यम व भारी धान खळ्यावर येते. त्यानंतरचे काही महिने जिल्ह्यातील रस्त्यांवर धानाचीच वर्दळ असते. गावातून आधारभूत खरेदी केंद्रावर, केंद्रावरून भरडाईसाठी गिरणीत आणि गिरणीतून तांदूळ होऊन गोदामात असा हा प्रवास असून तो सर्वस्वी डिझेलवर चालणाऱ्या ट्रक व ट्रॅक्टरांवर अवलंबून असतो. उन्हाळी धान निघाले म्हणजे हाच क्रम पुन्हा एकदा घडतो. अशा ऐन हंगामात ट्रकचे इंजिन उघडावे लागले तर मालकाच्या पदरी दुरुस्तीचा खर्च तर येतोच, परंतु त्याहून मोठे नुकसान बुडालेल्या खेपांचे असते. उघड्यावर पडून राहिलेल्या धानाच्या धन्यालाही त्याची झळ पोचते.

केंद्रासमोर किंवा गिरणीच्या फाटकापाशी वाहनांची रांग लागते, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. रांग मधूनमधून चार पावले सरकते म्हणून चालक इंजिन बंद करीत नाही. गाडी उभी आहे, ओझे ओढत नाही, तेव्हा इंजिनाला विसावाच मिळत आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. बैल दावणीला बांधला म्हणजे त्याला विश्रांती मिळते. चालू ठेवलेल्या इंजिनाचे तसे नाही. डिझेल इंजिन योग्य भार ओढीत असता स्वच्छ राहते आणि तासन्‌तास रिकामे घुरघुरत ठेवले असता आतून काजळत जाते.

याचे कारण त्याच्या ज्वलनाच्या रीतीत आहे. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्यात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नव्हती. आजच्या ट्रकमध्येही ती नसते. सिलिंडरात घेतलेली हवा दट्ट्या वर येऊन दाबतो. मूळ आकारमानाच्या सोळा ते वीस पटींनी लहान झालेली ही हवा पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा अत्यंत बारीक फवारा सोडला जातो व तो आपोआप पेट घेतो. सारांश, हवा भरपूर हवी, ती पुरेशी तापली पाहिजे आणि फवारा धुक्यासारखा बारीक असला पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट उणी पडली की डिझेल अर्धवट जळते व उरलेल्या कार्बनची काजळी होते. कंदिलाची वात प्रमाणाबाहेर वर केली असता काच काळी का होते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास हा विषय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

रिकाम्या चालीत इंजिनाला डिझेल थोडे लागते, म्हणून आतील उष्णताही थोडीच निर्माण होते. ज्वलनाची पोकळी निवते, फवाऱ्याचे काही थेंब न जळता सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि काजळी व वंगणतेल यांचा चिकट लेप तयार होतो. पुढे हा लेप भाजून दगडासारखा कठीण होतो. नोझलच्या तोंडाशी तो साचला की फवारा वेडावाकडा पडतो. फवारा बिघडला की काजळी आणखी वाढते. दट्ट्याच्या खाचांत तो साचला की रिंगा जागच्या जागी चिकटून बसतात. मग दाब कमी होतो, थंडीच्या सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास देते आणि वंगणतेल वर चढून जळू लागते. झडपांच्या बैठकीवर साचलेल्या काजळीने झडपा पूर्ण मिटत नाहीत. टर्बोच्या पात्यांवर ती बसली तर हवेचा पुरवठाच घटतो व मूळ दोषात भर पडते.

यास्तव पहिला नियम असा की, रांग दोन-तीन मिनिटांत हलण्याचा संभव नसेल तर इंजिन बंद करावे. यास एकच अपवाद आहे. भरलेला ट्रक जोराने ओढून नुकताच थांबला असेल, तर टर्बो निवण्यासाठी एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मगच बंद करावे. सकाळी सुरू करतानाही वंगणाचा दाब येईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबून हळूहळू निघावे. चालत्या गाडीचे इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. अर्धा तास उभ्याने गरम करीत बसण्याने काजळीखेरीज काही साधत नाही. बॅटरी उतरली असल्यामुळे इंजिन बंद करता येत नाही, ही सबब पुष्कळदा ऐकू येते. परंतु इंजिनाच्या आकाराप्रमाणे रिकाम्या चालीत तासाला एक ते तीन लिटर डिझेल जळते. हंगामभर त्याचा हिशेब केला तर बॅटरी व सेल्फ दुरुस्त करून घेणे स्वस्त पडते, हे कोणासही दिसून येईल.

या सवयीने आणखी एक फसगत होते. वंगणतेल किती किलोमीटरांनी बदलावे हे मालक मीटर पाहून ठरवितो. पण रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा मीटर हलत नाही, इंजिन मात्र झिजत असते. रिकाम्या चालीचा एक तास सुमारे चाळीस किलोमीटरांच्या प्रवासाबरोबर धरण्याचा प्रघात आहे. रोज पाच तासांप्रमाणे वीस दिवस रांगेत गेले तर शंभर तास होतात. म्हणजे मीटरवर न दिसणारे चार हजार किलोमीटर इंजिनाच्या खाती जमा झाले. ट्रॅक्टरचे तेल तासांवर बदलतात. धानाच्या हंगामात ट्रकलाही हीच रीत लावणे हितावह होय. येथे तेलाच्या रंगाविषयीचा एक गैरसमजही दूर करावयास हवा. डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे होते म्हणून ते वाईट, असे नव्हे. तेलातील द्रव्ये काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवतात, म्हणूनच ते काळे दिसते. पण ही धारणशक्ती अमर्याद नसते. ठरलेल्या मुदतीपलीकडे तेल चालविले की काजळीचे गोळे बनतात व तेल दाटते. म्हणून पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे, मुदतीत बदलावे आणि त्याबरोबर तेलगाळणीही नवी घालावी. नवे तेल जुन्या गाळणीतून फिरविण्यात काटकसर नाही.

आता हवेचा विचार करू. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे बारा किलो, म्हणजे अंदाजे दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिनाला याहूनही अधिक हवा घ्यावी लागते. ही सर्व हवा एका गाळणीतून जाते. मळणीच्या दिवसांत खळ्यावर, खरेदी केंद्राच्या आवारात आणि विशेषतः गिरणीपाशी हवेत तूस, कोंडा व धूळ भरलेली असते. धानाच्या तुसात वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य मोठ्या प्रमाणावर असल्यामुळे ही धूळ आत गेली तर सिलिंडर घासून काढते, आणि गाळणीतच अडकली तर इंजिन गुदमरते. हंगामात हवागाळणीची पाहणी नेहमीच्या मुदतीपेक्षा लवकर केली पाहिजे. जुन्या वाहनांतील तेलाच्या गाळणीत तेल खुणेपर्यंतच भरावे आणि तळाशी गाळ साचताच भांडे धुऊन तेल बदलावे. कागदी गाळणी जमिनीवर आपटून झाडण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाकून द्यावी. आपटल्याने कागदास न दिसणाऱ्या चिरा पडतात. पुस्तकात परवानगी असेल तरच मंद दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकावे, डिझेलने कधीही धुऊ नये आणि मुदत संपताच बदलावी. गाळणीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी व तिचे पट्टेही हाताने चाचपून पाहावेत. चांगल्या गाळणीपुढे फाटकी नळी असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो.

थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. भंडाऱ्याचा उन्हाळा कडक. इंजिन तापते अशी तक्रार आली की काही कारागीर थर्मोस्टॅट काढून टाकतात व तो पुन्हा बसवीत नाहीत. ही लहानशी झडप पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती काढल्यावर उन्हाळ्यात चालकास समाधान वाटते. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, म्हणजे धान वाहतुकीच्या भरात, तेच इंजिन दिवसभर थंड चालते व काजळी धरते. ज्या जिल्ह्यात गडेगावच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स तयार होतात, तेथे एका झडपेविषयी इतके औदासीन्य असावे हे शोभत नाही. इंजिन तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कोंडा, सैल पट्टा, पाण्याची गळती किंवा बिघडलेला थर्मोस्टॅट यांपैकी खरे कारण शोधावे आणि बिघडलेल्याच्या जागी नवा बसवावा.

दुसरी खोड पंप वाढवून घेण्याची. गाडीने अधिक ओढावे म्हणून जुन्या ट्रकांच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलचे प्रमाण वाढविले जाते. हवा मात्र तेवढीच राहते. चढावर धुराचा काळा लोट निघतो व चालकास तो ताकदीचे लक्षण वाटतो. वास्तविक तो न जळलेल्या डिझेलचा, म्हणजेच मालकाच्या पैशाचा धूर असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन दबवून ओढल्यानेही हेच घडते. वेळीच गिअर उतरवावा. नोझल पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत तपासणीच्या यंत्रावर लावून, दाब बरोबर आहे की नाही, फवारा सारखा पडतो की नाही आणि शेवटी थेंब गळतो की काय, हे पाहून घ्यावे. टॅपेटचे अंतर व पंपाची वेळ त्याच खेपेस तपासली जाते. गावात पिंपातून डिझेल भरणाऱ्यांनी पिंप एक-दोन दिवस स्थिर ठेवावे, तळातले डिझेल घेऊ नये व पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातील पाणी रोज सोडावे. पाण्याने नोझल गंजली की बिघडलेल्या फवाऱ्याची कथा पुन्हा सुरू होते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा मानकाची वाहने विकली जाऊ लागली. या ट्रकांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी तेथील उष्णता साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत न्यावी लागते व ते काम गाडी स्वतः करते. मात्र गाडी सदैव थोडे अंतर धावत असेल व रांगेत घुरघुरत असेल, तर ही उष्णता मिळत नाही व गाळणी तुंबते. सूचनेचा दिवा लागताच पुस्तकातील पद्धतीने गाळणी जळू द्यावी. त्या वेळी सायलेन्सरपाशी तणीस, कोंडा अथवा रिकामी पोती असू नयेत, नाहीतर आगीचा धोका असतो. या ट्रकांना लागणारे डीईएफ नावाचे द्रावण शुद्ध युरियाचे असते व त्यात युरियाचे प्रमाण साडेबत्तीस टक्के असते. त्याऐवजी शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याचा मोह कोणी करू नये. शेतीच्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे आहे. हे तेल व खतातील इतर द्रव्ये धूर शुद्ध करणारे महागडे यंत्र निकामी करतात. शिवाय अनुदानित खत असे अन्यत्र वळविणे हा गुन्हाही आहे.

रोगाची लक्षणे धुरावरून ओळखता येतात. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी अथवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. रिंगा चिकटल्याचा किंवा झिजल्याचा संशय घ्यावा. पांढरा धूर थंड इंजिनातून थोडा वेळ निघाल्यास चिंता नाही, परंतु गरम झाल्यावरही तो राहिला तर कारागिरास दाखवावे. हा धूर केवळ इंजिनाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली आहे. केंद्रावर पोती उचलणारे हमाल दिवसभर त्याच रांगेच्या बाजूला वावरतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी केंद्रचालकांशी बोलून शेतकऱ्यांना दिवस व वेळ ठरवून देण्याची व्यवस्था करविली, तर रांगेचे मूळच बरेच कमी होईल.

एवढे करूनही ज्या इंजिनात काजळी साचलीच आहे, त्याचे हेड उतरवून सफाई करावी लागते. बाजारात मिळणाऱ्या बाटलीतील औषधाने चिकटलेल्या रिंगा सुटतीलच असा भरवसा धरू नये. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असल्याने लोखंडी पट्टीने खरवडू नये; डिझेलमध्ये भिजवून लाकडी किंवा पितळी पट्टीने काजळी काढावी, आणि सुटलेले तुकडे सिलिंडरात अथवा तेलाच्या वाटेत पडू देऊ नयेत. हेड बसविताना गॅस्केट नवे घालावे व बोल्ट पुस्तकात दिलेल्या क्रमाने आवळावेत. रोवणी आटोपल्यापासून कापणीपर्यंत ट्रॅक्टरला काम कमी असते व धानाचे ट्रकही तुलनेने मोकळे असतात. हे काम भाद्रपद-आश्विनात उरकावे. प्रथम हवागाळणी व थर्मोस्टॅट, मग नोझल व टॅपेट पाहावेत, आणि एवढ्यानेही धूर थांबला नाही तरच हेडला हात लावावा.