थडग्यावर न कोरलेला हिशेब

अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात प्लिमथ नॉच नावाचे एक डोंगरी खेडे आहे. दरवर्षी ४ जुलै रोजी, सारे राष्ट्र स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, तेथील गावकरी व पाहुणे रस्त्याकाठच्या दफनभूमीपर्यंत चालत जातात आणि एका थडग्यावर व्हाइट हाउसच्या वतीने पुष्पचक्र वाहिले जाते. हे थडगे अमेरिकेचे तिसावे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचे. ग्रॅनाइटचा एक उभा दगड, त्यावर अध्यक्षपदाची मुद्रा, नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढाच तो मजकूर. कूलिज घराण्याच्या सात पिढ्या याच उतारावर विसावल्या आहेत आणि त्या रांगेत राष्ट्राध्यक्षाचा दगड उठून दिसत नाही.

प्लिमथ नॉच ज्या विंडसर काउंटीत येते, ती जिल्ह्यासारखा एक विभाग असून तिची एकूण वस्ती आजही सुमारे ५७ हजारच आहे. अशा लहानशा ग्रामीण मुलखात राज्यकर्त्यांची थडगी इतरेजनांच्या थडग्यांत मिसळून गेलेली आहेत. सार्वजनिक आयुष्य जगलेल्या माणसाचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न लोकशाही मानणाऱ्या कोणत्याही समाजाला केव्हा ना केव्हा पडतोच. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू विंडसरच्या परिसरात पाहावयास मिळतात.

मोठ्या माणसाला मोठी समाधी हवी, ही समजूत सार्वत्रिक आहे. न्यूयॉर्क शहरात १८९७ साली पूर्ण झालेली अध्यक्ष ग्रँट यांची समाधी एखाद्या मंदिरासारखी भव्य आहे. भव्य वास्तू पाहणाऱ्याला अभिप्राय देऊनच आत घेते. साधा दगड मात्र अभिप्राय बनविण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवितो. कूलिज यांच्या बाबतीत हे काम सोपे नाही.

२ ऑगस्ट १९२३ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांचे आकस्मिक निधन झाले, तेव्हा उपाध्यक्ष कूलिज वडिलांच्या घरी आले होते. घरात वीज नव्हती, टेलिफोनही नव्हता. वडील नोटरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्यांनीच आपल्या मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली. पुढल्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, कूलिज यांचा सोळा वर्षांचा धाकटा मुलगा गेला. टेनिस खेळताना पायाच्या बोटाला आलेल्या फोडातून त्याच्या रक्तात विष पसरले होते. प्रतिजैविके अद्याप उपलब्ध नव्हती; देशातील सर्वोच्च सत्ताधारी आपल्या मुलाला वाचवू शकला नाही. त्या मुलाला प्लिमथ नॉचलाच पुरण्यात आले. साडेआठ वर्षांनी, जानेवारी १९३३ मध्ये, वडीलही त्याच्या शेजारी आले.

हे सारे वाचून मन हेलावते आणि ते योग्यच आहे. परंतु १९२४ हे वर्ष आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे लागते. मुलाच्या मृत्यूपूर्वी जेमतेम सहा आठवडे, २६ मे रोजी, याच कूलिज यांनी परदेशी नागरिकांच्या आगमनावर कठोर बंधने घालणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांचे प्रमाण त्याने मुद्दाम घटविले आणि आशियाई लोकांना तर जवळजवळ दारच बंद केले. भारतीयांना १९१७ च्या कायद्याने आधीच मज्जाव झाला होता. नव्या कायद्याने तो अधिक पक्का केला. दुसरीकडे, त्याच वर्षी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावरही त्यांचीच स्वाक्षरी आहे. यातले काहीही दगडावर कोरलेले नाही. थडग्याच्या साधेपणामुळे मृताविषयी वाटणारा आदर हा त्याच्या कारभाराविषयीचा निर्णय मानता येत नाही.

याच काउंटीतील इतर नोंदी पाहिल्या की दगड आणि कर्तृत्व यांचा संबंध किती सैल असतो, ते ध्यानात येते. वुडस्टॉक येथे जेकब कॉलामर यांचे थडगे आहे. ते सिनेटर होते. त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा आहे आणि तरीही त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. विंडसर गावातील अॅस्कटनी दफनभूमीत विल्यम एव्हर्ट्स आहेत. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८ साली महाभियोग चालला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे हे वकील पुढे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचे राजकारण न्यूयॉर्कचे, परंतु विसावा व्हरमाँटमध्ये. याउलट वुडस्टॉकमध्ये जन्मलेले जॉर्ज पर्किन्स मार्श इटलीत अमेरिकेचे राजदूत असतानाच निवर्तले आणि रोममध्ये पुरले गेले. माणसाच्या हातून निसर्गाची होणारी हानी १८६४ सालच्या ग्रंथात मांडणाऱ्या या माणसाचे थडगे काउंटीत नाही. मात्र त्यांचे बालपण जेथे गेले तो वुडस्टॉकचा परिसर आज राष्ट्रीय उद्यान म्हणून जपला जातो.

काउंटीची उत्तर सीमा ओलांडली की शेजारच्या ऑरेंज काउंटीत स्ट्रॅफर्ड गाव लागते. तेथे जस्टिन मॉरिल यांची समाधी आहे. लोहाराचा हा मुलगा. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे शिक्षण सुटले आणि दुकानात कारकुनी पत्करावी लागली. शिक्षण हुकलेल्या याच माणसाच्या प्रयत्नाने १८६२ साली एक कायदा झाला. सरकारी जमिनींच्या उत्पन्नातून प्रत्येक राज्यात शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये त्यामुळे उभी राहिली. एक पाऊल शेतात आणि एक प्रयोगशाळेत असलेल्या या संस्थांचा नमुना पुढे भारताने स्वीकारला. पंतनगरला १९६० साली त्या धर्तीचे पहिले विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात १९६८ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार विद्यापीठे झाली. सुधारित वाणाची पिशवी घरी नेणाऱ्या शेतकऱ्याला मॉरिल हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

अर्थात मॉरिल यांचाही हिशेब एकेरी नाही. ज्या जमिनी विकून ही महाविद्यालये उभी राहिली, त्या मूळ अमेरिकी जमातींकडून तहांनी, दडपणाने आणि कित्येकदा बळानेच घेतलेल्या होत्या. एका समाजाच्या ज्ञानाची किंमत दुसऱ्या समाजाने भूमी गमावून चुकविली. समाधीच्या दगडावर याचीही नोंद सापडणार नाही.

दगडाकडून तशी अपेक्षा करणेही चूक आहे. थडगे हे दुःखाचे आणि आप्तांचे स्थान आहे. तेथे माणूस पुन्हा कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी बाप होतो. जमाखर्च मांडण्याची जागा वेगळी आहे. ती शाळेच्या वर्गात, ग्रंथालयात, वृत्तपत्रात आणि नागरिकांच्या चर्चेत आहे. हे काम टाळणारा समाज एक तर समाध्या उंच करीत जातो किंवा त्यांची विटंबना करीत सुटतो. प्लिमथ नॉचच्या उतारावर फूल वाहण्यात गैर काहीच नाही. मात्र फूल वाहून परतलेल्या माणसाने १९२४ चा तो कायदाही उघडून वाचला पाहिजे.