लाईट गेली तरी लँडलाईन चालायचा, मग ऑफिसचा इंटरकॉम का बंद पडतो?

लाईट गेली, पंखा थांबला, टीव्ही बंद झाला, तरी लँडलाईनचा रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचाच. ज्यांच्या घरी जुना फोन होता, त्यांना हे नक्की आठवत असेल. ऑफिसात मात्र बॅकअप नसेल आणि लाईट गेली, तर टेबलावरचे सगळे इंटरकॉम एकदम मुके होतात. फोन तसाच, तांब्याच्या दोन ताराही तशाच. मग फरक कुठे आहे?

फरक आहे तारेच्या दुसऱ्या टोकाला.

फोनला वीज कोण देतं?

साध्या फोनला चार्जर लागत नाही, कारण त्याची वीज त्याच दोन तारांमधून येते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात. तिथून प्रत्येक लाईनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिलेला असतो.

रिसीव्हर खाली असताना सर्किट तुटलेलं असतं. तो उचलला की सर्किट पूर्ण होतं आणि साधारण २० ते ४० मिलिअँपिअर करंट वाहू लागतो. एक्स्चेंजला तेवढी खूण पुरते. ते लगेच डायल टोन पाठवतं.

कॉल आला की घंटी वाजवण्यासाठी याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. लाईन दुरुस्त करताना नेमकी रिंग आली तर हाताला झटका बसतो, तो यामुळेच.

ऑफिसमधलं छोटं एक्स्चेंज

ऑफिसात टेबलं पन्नास असतात, बाहेरच्या लाईन चार-पाच. त्या सगळ्यांना वाटून देणारं मशीन म्हणजे ईपीएबीएक्स. त्यात दोन प्रकारचे पोर्ट असतात.

पहिला एक्स्टेंशनचा, म्हणजे एफएक्सएस. हा एक्स्चेंजची भूमिका करतो. टेबलावरच्या फोनला वीज, डायल टोन आणि रिंग हाच देतो. मशीन डिजिटल असेल तर आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन त्यांचे आकडेही इथेच होतात.

दुसरा बाहेरच्या लाईनचा, म्हणजे एफएक्सओ. हा फोनची भूमिका करतो. वीज देत नाही, रिंगची वाट पाहतो आणि रिसीव्हर उचलल्यासारखं सर्किट जोडतो. बऱ्याच ऑफिसांत बाहेर फोन लावताना आधी शून्य दाबावा लागतो. त्या शून्यावर मशीन एक मोकळी बाहेरची लाईन 'उचलतं'.

दोन्ही पोर्टला अनेकदा सारखीच पिन बसते, आणि घोळ तिथेच होतो. बाहेरची लाईन चुकून एक्स्टेंशनच्या पोर्टला जोडली, तर वीज देणारी दोन टोकं समोरासमोर येतात. लाईन तर चालत नाहीच, कार्डही जळू शकतं.

कुणी बोलत नाही, तरी लाईन बिझी

बाहेरच्या माणसाने फोन ठेवला, तरी त्या लाईनवरचा करंट आपोआप थांबेलच असं नाही. त्यासाठी एक्स्चेंजला खूण द्यावी लागते. कधी करंट क्षणभर तोडला जातो, कधी तारांची दिशा उलटते, कधी नुसता बिझी टोन येतो. मशीनला ती खूण ओळखता आली नाही, तर लाईन अडकून राहते आणि ग्राहकांना नंबर बिझी लागतो. अशा वेळी नवीन लाईन घेण्याआधी टेक्निशियनकडून ही सेटिंग तपासून घेतलेली बरी.

लाईट गेल्यावर काय?

इंटरकॉमला वीज ईपीएबीएक्स देतं आणि ईपीएबीएक्स चालतं ऑफिसच्या लाईटवर. म्हणून ते बंद पडलं की सगळे फोन बंद. यावर उपाय म्हणून अनेक मशीनमध्ये एक रिले असतो. वीज जाताच तो बाहेरची लाईन थेट एका ठरावीक फोनला जोडतो. हॉस्पिटलमध्ये किंवा कारखान्याच्या गेटवर तो फोन कोणता, हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

पण आता तांब्याच्या जागी फायबर येतंय. फायबरमधून वीज येत नाही. फोनला वीज देण्याचं काम ऑफिसात बसवलेला छोटा डबा करतो, आणि तोही तिथल्याच प्लगवर चालतो. म्हणजे रिलेने लाईन जोडून दिली, तरी पलीकडे वीज देणारं कुणी नसतं. त्यामुळे मशीनसोबत हा डबाही यूपीएसवर हवा.

खात्री करायची असेल तर सुट्टीच्या दिवशी ऑफिसचा मेन स्विच बंद करून तो ठरावीक फोन उचलून बघावा. डायल टोन आला तर ठीक. नाही आला, तर ते आणीबाणीच्या आधी कळलेलं बरं.