संगणकाची गाठ बांधताना

श्रोतेहो, आपल्या हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुई दाबून तिची गाठ बांधतात; मग ती गोदामात जाते. संगणकाची ‘इमेज’ घेणे हेही काहीसे तसेच काम. इमेज म्हणजे इथे चित्र नव्हे. डिस्कवरची सारी व्यवस्था, प्रोग्रामांसकट, जशीच्या तशी उतरवून घेतलेली नक्कल.

शाळेतल्या जुन्या संगणकात जागा थोडी. मग नक्कल ठेवायची कुठे? त्याच डिस्कवर ठेवली, तर डिस्कबरोबर तीही बुडायची! म्हणून संगणक पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून सुरू करावा, म्हणजे त्याची डिस्क स्वस्थ राहते. तैवानात तयार झालेले ‘क्लोनझिला’ हे मोफत साधन साधारणतः डिस्कचा भरलेला भागच वाचते, दाबते आणि तारेवरून थेट सर्व्हरकडे धाडते. मधे कुठे साठवण लागत नाही. दाबून 20 जीबी झालेली इमेज 100 मेगाबिटच्या तारेवरून जायला सुमारे अर्धा तास लागतो.

एक मात्र ध्यानात ठेवा बरं का. इमेज परत घालताना डिस्कवरचे आधीचे सारे पुसले जाते. एकदा माझ्याच घाईपायी मुलांचे वर्षभराचे काम गेले. तेव्हा गुरुजी, आधी मुलांच्या फायली दुसरीकडे काढून ठेवा. मगच एंटर दाबा.