कंपनी म्हणजे काय?

मुलांनो, जूनमध्ये मी सातवीच्या वर्गाची माहिती भरत होतो. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यासाठी निम्म्या मुलांनी एकच शब्द सांगितला, "कंपनी!" एकजण मात्र अडखळला. म्हणाला, "गुरुजी, बाबा कंपनीत जातात, पण ते कंपनीचे नाहीत. ठेकेदाराचे आहेत. कँटीनमध्ये त्यांना जेवण नाही. डबा गेटाबाहेर खातात."

मी पेन खाली ठेवले. कंपनीत आहे पण कंपनीचा नाही, हे कसे? मग मी या शब्दाच्या मागेच लागलो. जे सापडले ते तुम्हांला सांगतो.

आपल्या रसायनी-मोहोपाड्यात कंपनी म्हणजे कारखाना. पण खरे पाहता दोन्ही वेगळे. कारखाना म्हणजे जागा आणि यंत्रे. कंपनी म्हणजे भांडवल घालून धंदा करण्यासाठी स्थापलेली संस्था. उदाहरण जवळचेच आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिचे रसायनीतील कारखाने बंद करण्याचे केंद्र सरकारने २०१७ साली ठरवले. अग्निबाणाला लागणारे रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचे ठरले. इथले कारखाने थांबले, पण कंपनी बुडाली नाही. केरळात कोचीला तिचा कारखाना आहे.

हा शब्द आपल्याकडे आला तो इंग्रजांबरोबर. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, तीच ईस्ट इंडिया कंपनी. १६६८ साली तिला मुंबई मिळाली, वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने! आणि १८१८ साली तिच्याच फौजेने आपला रायगड घेतला. व्यापारी राजे होऊन बसले, म्हणून लोक 'कंपनी सरकार' म्हणू लागले. १८५८ साली ते राज्य संपले, शब्द मात्र राहिला.

आता गंमत ऐका. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'कॉम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारे ते सोबती, आणि त्यांची मंडळी ती कंपनी! याच 'पानिस'वरून पोर्तुगीज भाषेत पावाला शब्द झाला, आणि पोर्तुगिजांकडून तो मराठीत आला. आपल्या वडापावातला पाव तो हाच. पायाने तुडवतात म्हणून पाव, असे कुणी सांगितले तर खरे मानू नका. पाव आणि कंपनी ही एकाच घरची भावंडे आहेत.

हा जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. "जरा कंपनी दे रे," म्हणजे सोबत कर. सैन्यात जवानांच्या एका तुकडीला कंपनी म्हणतात. १८८० साली निघालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीसारख्या मंडळ्यांना लोक 'नाटक कंपनी' म्हणत. गावोगाव फिरायचे, एका बिऱ्हाडात राहायचे, एका पंगतीला जेवायचे. शब्दाला शोभेल अशीच ती कंपनी! उलट २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. एकट्याची पंगत म्हणा ना!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कायद्याने कंपनी भागधारकांची. कायम कामगार झाला तरी तो तिचा नोकरच. पण शब्दाला विचाराल तर तो सांगेल, जे एकत्र बसून भाकरी खातात ती कंपनी. मग बरोबरीने घाम गाळणाऱ्याने डबा गेटाबाहेर का खावा? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी ठेकेदार व्हाल. तेव्हा हा शब्द आठवा.

रकान्यात मी लिहिले, 'कंपनीत कामगार'. दुपारी खिचडीला तो मुलगा पंगतीत सगळ्यांबरोबर बसला होता. ती आपल्या शाळेची कंपनी!

तुमच्या घरी रोज बोलला जाणारा असा एखादा शब्द घेऊन या. पुढच्या अंकात लावू.

— वर्गशिक्षक, इयत्ता सातवी