बोलणी कुणाशी? कित्तूर ते गोवा

बेळगावहून धारवाडच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर कित्तूर येतं. उलट दिशेला खानापूर, लोंढा ओलांडून घाट उतरलं की गोवा. या टापूच्या एका अंगाला १८२४ साली एका छोट्या संस्थानाची ईस्ट इंडिया कंपनीशी बोलणी झाली आणि फसली. दुसऱ्या अंगाला पोर्तुगालनं बोलायला बसावं म्हणून स्वतंत्र भारतानं चौदा वर्षं वाट पाहिली. मधे सव्वाशे वर्षांचं अंतर आहे, साम्राज्यंही वेगळी आहेत. तरी दोन्हीकडे गाडं अडलं ते एकाच जागी. मागणी रास्त आहे की नाही, इथवर चर्चा पोचलीच नाही. मागणी करणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, हेच समोरच्यानं मान्य केलं नाही.

कित्तूरचा शिवलिंगरुद्र सर्जा सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. त्यापूर्वी त्यानं मुलगा दत्तक घेतल्याचं दरबाराचं म्हणणं होतं आणि तसं पत्रही धारवाडला गेलं होतं. तिथला कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याला पत्रावरच्या सहीचाच संशय आला. विख्यात इंग्रज कादंबरीकार थॅकरे याचा हा चुलता. त्यानं दत्तक नामंजूर केलं, खजिन्यावर मोहरा लावल्या, पहारे बसवले आणि कारभारात हात घातला. कारभार पाहणाऱ्या राणी चन्नम्मा या मल्लसर्जाच्या विधवा, वारलेल्या शिवलिंगरुद्राच्या सावत्र आई. त्यांनी आधी तलवार उपसली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी अर्जविनंत्या केल्या. पुण्याला कमिशनर चॅप्लिन आणि मुंबईला गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यापर्यंत आपली बाजू पोचवण्याचा प्रयत्न केला. बाजू भक्कमही होती. १८१८ मध्ये मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरनं कंपनीला मदत केली होती आणि त्या बदल्यात संस्थान कायम राहिलं होतं. सहा वर्षांत त्या उपकाराची किंमत शून्य झाली.

२३ ऑक्टोबर १८२४ रोजी थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दाराशी गेला. दार उघडलं आणि आतून कित्तूरची फौज तुटून पडली. थॅकरे ठार झाला, त्याच्याबरोबर काही इंग्रज लष्करी अधिकारीही पडले. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे त्याचे दोन तरुण मदतनीस राणीच्या हाती लागले.

आणि इथे कंपनीचा सूर बदलला. जिचं म्हणणं आठवडाभरापूर्वी कुणी ऐकून घेत नव्हतं, तिच्याशी आता निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली. राणीच्या दत्तकाचा हक्क ऑक्टोबरात होता तेवढाच नोव्हेंबरातही होता. फरक पडला तो दोन गोऱ्या अधिकाऱ्यांमुळे. किल्ल्यात त्यांना चांगलं वागवलं गेलं. ओलिस सोडल्याशिवाय पुढचं बोलणं नाही, ही कंपनीची अट; संस्थान पूर्ववत राहावं, ही कित्तूरची. दरम्यान निरनिराळ्या छावण्यांतून पलटणी कित्तूरकडे येत होत्या. कंपनीला बोलण्यांतून वेळ हवा होता आणि तो तिला मिळाला. डिसेंबरच्या सुरुवातीला राणीनं दोघांना सोडलं. लगेच हल्ला सुरू झाला आणि ५ डिसेंबरपर्यंत किल्ला पडला.

राणीनं हातातलं हुकमाचं पान भोळेपणानं टाकलं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. राज्यकर्त्याचा शब्द मोडत नसतो, या समजुतीवर इथल्या देसाया-देशमुखांचे सगळे करारमदार उभे होते. त्या समजुतीनं वागणं हा चन्नम्मांचा दोष नव्हता. त्या बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या. त्यांचा शूर शिपाई संगोळ्ळी रायण्णा लढत राहिला. त्याला १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिलं. एलियट मात्र पुढे मोठा विद्वान झाला आणि त्यानं याच कर्नाटकातले शेकडो शिलालेख उतरवून घेतले.

याच भागातल्या निपाणीची कथा रक्तपातानं सुरू होत नाही, पण शेवट तोच. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे निपाणकर देसाई, पेशवाईतले मातब्बर सरदार. पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी त्यांची जहागीर राहू दिली. १८३९ मध्ये ते वारले आणि कायदेशीर वारस नाही म्हणून जहागीर कंपनीकडे गेली. डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते १८४८ मध्ये. शाळेच्या पुस्तकांत दत्तक नामंजुरीची गोष्ट तिथून सुरू होते. आमच्या भागानं ती कित्तूरला चोवीस वर्षं आधीच भोगली होती.

पुढच्या शतकात याच बेळगावात मागणीची रीत बदलली. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना इथे केली. मागणी साम्राज्यात राहूनच स्वराज्य द्या, एवढी मवाळ. १ मेचं बेळगावचं भाषण आणि पाठोपाठची नगरची भाषणं यांवर सरकारचं उत्तर आलं ते चांगल्या वर्तणुकीच्या हमीचं: २० हजारांचा जातमुचलका आणि १० हजारांचे दोन जामीन. जिनांनी टिळकांची बाजू मांडली आणि मुंबई हायकोर्टानं नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशनही इथेच भरलं. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे.

गोव्याचं मात्र कमी लिहिलं जातं, निदान बेळगावच्या बाजूनं. १८ जून १९४६ रोजी लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्यानंतर दोन महिन्यांत नॅशनल काँग्रेस (गोवा) ही संघटना स्थापन झाली ती गोव्यात नव्हे, खानापूर तालुक्यातल्या लोंढ्यात. स्वतःच्या भूमीवर सभा घेता येत नव्हती, म्हणून गोवेकर घाटावर आले. मोठ्या राजकारणात या माणसांचं स्थान काय होतं, ते यातूनच कळतं.

२७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारनं लिस्बनला रीतसर खलिता पाठवला: वसाहतींच्या भवितव्याबद्दल बोलू या. जूनमध्ये उत्तर आलं की हा विषय चर्चेचा नाहीच. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं घटना बदलून वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ करून टाकलं. वसाहतच नाही, तर मुक्त कशाला करायचं? १९५३ च्या जूनमध्ये भारतानं लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५४ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातली दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत गेले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर दिल्लीनं सत्याग्रह थांबवला आणि गोव्याची कोंडी केली. कॅसलरॉकहून मुरगावला जाणारी रेल्वे बंद पडली. घाटावर माहेर आणि घाटाखाली सासर असलेल्या बायकांना या कोंडीचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंबोलीच्या जंगलात एक रेडिओ केंद्र सुरू झालं. नगरहवेलीत हाती लागलेले पोर्तुगीज बिनतारी संच दुरुस्त करून, ट्रकवर बसवून उभं केलेलं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. पुढे ते कॅसलरॉकला हललं. रोज कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बातम्या, लिस्बनच्या प्रचाराला उत्तरं, आफ्रिकेतल्या वसाहतींच्या खबरा. पाऊस, जळवा, रानातलं एकाकीपण सोसत हे सहा वर्षं चाललं. माझ्या मते त्या काळात गोव्याच्या बाजूनं पोर्तुगालशी झालेला एकमेव सलग संवाद हाच. लिस्बन उत्तर देत नव्हतं, पण गोव्यातल्या त्याच्या अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत कुणीतरी रोज बोलत होतं.

भारतात वसाहती असलेल्या फ्रान्सनं मात्र वेगळा रस्ता धरला. पाँडिचेरीचा प्रत्यक्ष ताबा १ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताकडे आला, तह १९५६ मध्ये झाला. फ्रान्स उदार होता, असं समजायचं कारण नाही. १९५४ च्याच मे महिन्यात व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला त्याचा दारुण पराभव झाला होता आणि अल्जीरियात आग लागत होती. पण पॅरिसमध्ये संसद होती, विरोधी पक्ष होते, वर्तमानपत्रं होती. सालाझारच्या पोर्तुगालात सरकारला जाब विचारणारं कुणी नव्हतं. गोवा सोडला तर अंगोला, मोझांबिकही जाईल, ही त्याची धास्ती. १९६१ मध्ये अंगोलात बंड पेटल्यावर ती आणखी वाढली. हुकूमशाहीशी वाटाघाटी जमत नाहीत त्याचं एक कारण हे असतं, की तिला तडजोडीचा रस्ता घरातूनच कुणी दाखवत नाही.

शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये बेळगाव लष्करी हालचालींचं ठाणं झालं. सांबऱ्याच्या विमानतळावरून हंटर विमानं उडाली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. हजारो माणसांचे जीव त्यामुळे वाचले. गोवेकरांनी त्याबद्दल त्यांचं नाव आदरानं घ्यावं. सरदेसाई आणि लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर स्वातंत्र्याची बातमी सांगितली. पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर.

बेळगावच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाची तुलना मी इथे करणार नाही. तो एकाच देशातल्या दोन राज्यांमधला वाद आहे आणि साम्राज्याशी त्याचा मेळ घालणं दोन्हीकडच्या माणसांवर अन्यायाचं होईल.

पण गोव्याचा एक हिशेब उरतो. लिस्बननं गोवेकरांना विचारलं नाही. दिल्लीनं जे खलिते पाठवले तेही दोन सरकारांमधले होते. गोव्यानं महाराष्ट्रात जावं की वेगळं राहावं, हे गोवेकरांना थेट विचारलं गेलं ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात. ३४,०२१ मतांच्या फरकानं वेगळेपण जिंकलं. लोंढ्याला, बेळगावला, मुंबईला राहून ज्यांनी मुक्तीसाठी आयुष्य घातलं, त्या गोव्याबाहेरच्या गोवेकरांना त्या कौलात मत नव्हतं.