वनांच्या खुल्या नोंदींचें मोल कसें मोजावें ?

वनशास्त्रज्ञ झाडांच्या जाती, घेर व उंची यांच्या नोंदी ठेवतात. आतां त्यांतील पुष्कळ नोंदी सर्वांस विनामूल्य मिळतात. या खुलेपणापासून खरोखर लाभ किती झाला, हें कसें मोजावें ? हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाहीं. खाडीकांठच्या शेतकऱ्याचाहि त्याच्याशीं निकट संबंध आहे.

पहिलें माप मागणीचें. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून भूमीचीं चित्रें घेत आहेत. त्यांस किंमत पडे तोंपर्यंत, अधिकांत अधिक खप झालेल्या 2001 सालींहि, सुमारें 25,000 चित्रेंच विकलीं गेलीं. 2008 सालीं तीं खुलीं झालीं, आणि लगेच वर्षाला दहा लाखांहून अधिक जाऊं लागलीं. दुसरें माप संशोधनाचें. अशींच साडेसहा लाख चित्रें तपासून 2013 सालीं जगांतील वनांच्या घटवाढीचा नकाशा प्रसिद्ध झाला.

परंतु बियाण्याचीं पोतीं किती गेलीं, यावरून पीक किती आलें हें कळत नाहीं. म्हणून तिसरें माप निर्णयाचें. नवी मुंबईंत ऐरोली, वाशी, बेलापूर या बाजूस खाडीकांठीं तिवरांचीं वनें आहेत. 6 ऑक्टोबर 2005 रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील तिवरांची तोड थांबविली, त्यांच्याभोंवतीं 50 मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली, व उपग्रहचित्रांवरून त्यांचे नकाशे करण्यास सांगितलें. अशा रीतीनें शास्त्रज्ञाची नोंद कायद्याची हद्द ठरली.

येथेंच शेतकऱ्यानें सावध असावें. बाहेरकाठ्यास खांड पडली कीं उधाणाचें पाणी खाचरांत शिरतें, त्याबरोबर तिवरांचें बीं येतें, आणि थोड्याच वर्षांत भातशेतीच्या जागीं वन दिसूं लागतें. उपग्रहास पाला दिसतो. बांध केव्हां व कां फुटला, हें दिसत नाहीं. शिवाय लँडसॅटच्या चित्रांतील एक ठिपका सामान्यतः 30 मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारें 9 गुंठ्यांचा असतो. लहान खाचर त्यांत बुडून जातें. जमिनीवरील मोजणीवांचून अशा नकाशाची खात्री होत नाहीं.

तथापि याच खुल्या संग्रहांत जुनीं चित्रेंहि आहेत. मोठ्या शिवारांत अमुक सालापर्यंत खाचरें होतीं, हें त्यांवरून दाखवितां येतें. सबब खांड पडतांच तिची तारीख व सर्व्हे नंबर लिहून ठेवावे, पंचनामा करून घ्यावा, छायाचित्र काढावें. आणि तंटा उद्भवल्यास हे कागद जुन्या चित्रांशेजारीं मांडावे.

चौथें माप न्यायाचें. उष्ण देशांतील रानांत हिंडून झाडें मोजणारास श्रम व खर्च पडतो, आणि कीर्ति मात्र दूरच्या लेखकास मिळते, अशी तक्रार अनेक वनशास्त्रज्ञांनीं 2022 सालीं जाहीरपणें मांडली. ती रास्त आहे. नोंद किती जणांनीं नेली, तीवरून काय सिद्ध झालें, कोणता निर्णय फिरला, आणि मोजणारास व जमीनधारकास त्याचें फळ पोंचलें कीं नाहीं, या चारहि प्रश्नांचीं उत्तरें मिळतील तेव्हांच तिचें मोल पुरतें कळेल.