मेलेल्यांची फौज कुणाचं ऐकते? गेममधला ‘नेक्रोमॅन्सर’ आणि आपला वेताळ

रोह्याला मावशीकडे गेलं की रात्री एक दृश्य हमखास दिसतं. मावसभाऊ पडवीत पाय पसरून बसलेला असतो, फोनला चार्जर लावलेला असतो आणि स्क्रीनवर डझनभर सांगाडे त्याच्या मागून पळत असतात. मागच्या वेळी आजीनं त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आज आवस आहे रे. मेलेल्यांना कशाला उठवतोस?”

तो हसला आणि मला विचारलं, “ताई, आपल्याकडे असलं काही आहे का गं? म्हणजे मेलेल्यांची फौज आणि तिला हुकूम सोडणारा कुणीतरी?”

आहे. पण आपल्याकडच्या गोष्टीत हुकूम सोडणाऱ्याचं जे होतं, ते गेममध्ये होत नाही. हा फरक समजून घ्यायचा तर आधी गेमपासून सुरुवात करू.

नेक्रोमॅन्सर म्हणजे काय?

हा शब्द मुळात ग्रीक. ‘नेक्रोस’ म्हणजे मृत आणि ‘मॅन्टेइया’ म्हणजे भविष्यकथन. मेलेल्यांना बोलावून त्यांना प्रश्न विचारणं, एवढाच त्याचा जुना अर्थ. होमरच्या ‘ओडिसी’त नायक मृतांच्या लोकात जातो तो फौज जमवायला नाही, तर घरी परतायची वाट विचारायला.

गेममधला नेक्रोमॅन्सर मात्र प्रश्न विचारत नाही, तो भरती करतो. ही ओळख पक्की करण्यात मोठा वाटा जून २००० मध्ये आलेल्या ‘डायब्लो २’ या गेमचा. त्यात निवडता येणाऱ्या पाच पात्रांपैकी एक नेक्रोमॅन्सर होता. पांढरे केस, किडकिडीत अंग, स्वतः फारसा लढणारा नाही. पण रणांगणावर पडलेल्या शत्रूच्या प्रेतातून तो सांगाडा उभा करायचा आणि पुढच्या शत्रूवर सोडायचा.

तेव्हापासून हे पात्र परत परत आलं. ‘डायब्लो ३’मध्ये ते २०१७ साली वेगळ्या विकतच्या पॅकमधून आलं. २०२२ च्या मोबाइलवरच्या ‘डायब्लो इम्मॉर्टल’मध्ये आणि २०२३ च्या ‘डायब्लो ४’मध्ये ते पहिल्या दिवसापासून होतं. ‘लास्ट इपॉक’ आणि ‘पाथ ऑफ एक्झाइल’ या गेममध्येही अशी फौज उभी करता येते. आणि ‘सोलो लेव्हलिंग’ पाहिलेल्यांना तर वेगळं सांगायलाच नको. सुंग जिन-वू मारलेल्या शत्रूच्या सावलीला ‘अराइज’ म्हणतो आणि ती त्याची सैनिक होते. २०२४ मध्ये त्या कथेवर मोबाइल गेमही आला.

ही फौज चालते कशी?

बाहेरून वाटतं की खेळाडू एकेका सांगाड्याला हुकूम देतो. तसं नसतं. बहुतेक गेममध्ये प्रत्येक सांगाड्याला दोन-चार सोपे नियम दिलेले असतात. मालकाच्या जवळ राहा. ठरावीक अंतरात शत्रू दिसला तर त्याच्यावर जा. तो मेला की दुसरा शोध. मालक फार लांब गेला तर परत ये. एवढंच. वीस सांगाडे एकाच वेळी हे नियम पाळायला लागले की आपल्याला ती शिस्तबद्ध फौज वाटते.

मग खेळाडूनं करायचं काय? मुख्यतः तीन गोष्टी.

पहिली, प्रेतांचा हिशोब. ‘डायब्लो २’मध्ये सांगाडा उभा करायला प्रेत लागतं. त्याच प्रेताचा स्फोट करून शेजारच्या शत्रूंना उडवताही येतं. पण एक प्रेत एकदाच वापरता येतं. सैनिक हवा की बॉम्ब, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. रिकाम्या गुहेत शिरताना हाताशी एकही प्रेत नसेल तर हा मोठा सेनापती बिचारा एकटाच असतो.

दुसरी, शाप. नेक्रोमॅन्सर शत्रूवर शाप टाकतो, त्यामुळे शत्रूला बसणारा मार वाढतो किंवा तो मंदावतो. फौज तीच राहते, तिचा परिणाम मात्र कितीतरी वाढतो.

तिसरी, जागा. अरुंद बोगद्यात ही फौज एकामागे एक अडकते. पुढचा एकटा लढतो आणि मागचे नुसते उभे राहतात. ‘डायब्लो २’मधला ‘मॅगट लेअर’ नावाचा बोगदा यासाठी बदनाम आहे. पालखी बोळात शिरल्यावर मागच्या गर्दीचं काय होतं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे लगेच कळेल.

मग हजार सांगाडे का उठवता येत नाहीत?

दोन कारणं आहेत. एक तांत्रिक. प्रत्येक सांगाड्यानं कुठून जायचं, कुणाला मारायचं याचं गणित फोनला किंवा कॉम्प्युटरला सेकंदाला अनेकदा करावं लागतं. फौज वाढली की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो.

दुसरं कारण खेळाचं. मोफत आणि अमर्याद फौज मिळाली तर हरण्याची भीती उरत नाही, आणि भीती गेली की मजाही जाते. म्हणून प्रत्येक गेम किंमत वसूल करतो. ‘डायब्लो २’मध्ये जिवंत केलेला राक्षस तीनच मिनिटं टिकतो. ‘पाथ ऑफ एक्झाइल २’मध्ये ‘स्पिरिट’ नावाचा ठरावीक साठा असतो आणि कायम सोबत राहणारा प्रत्येक सैनिक त्यातला वाटा अडवून ठेवतो. ‘डायब्लो ४’मध्ये तर उलटा सौदाही करता येतो. फौजेतला एखादा प्रकारच सोडून द्यायचा आणि बदल्यात स्वतःची ताकद वाढवून घ्यायची.

पण एक गोष्ट या सगळ्या गेममध्ये सारखीच असते. सांगाडा कधीच “नाही” म्हणत नाही.

आपल्याकडची भुतांची फौज

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. कोकणात भुतांचा राजा म्हणजे वेताळ. अमावास्येच्या रात्री तो आपला लवाजमा घेऊन फेरीला निघतो, पुढे मशाली असतात, अशा गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात.

त्याच्या लवाजम्यात कोण कोण, याची यादीही लिहून ठेवलेली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करत होते. हे तेच जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. त्यांनी जमवलेली माहिती पुढे एन्थोवेन यांनी संपादित केली आणि १९१५ मध्ये कोकणावरचा खंड छापून आला. त्यातली बरीचशी माहिती गावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली होती. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे १९८१ पासूनच्या आपल्या रायगडमधल्या मास्तरांचाही त्यात वाटा होता.

त्या यादीत समंध आहे, मुंजा आहे, खवीस, चेडा, देवचार आणि गिऱ्हा आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर लहानपणीच मेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. २०२४ च्या ‘मुंज्या’ सिनेमामुळे तो आता देशभर माहीत झालाय. देवचार अनेक ठिकाणी गावाचा राखणदार मानला जातो. गिऱ्हा पाण्यात असतो. त्याचा केस हाती लागला तर तो तुमचा चाकर होतो, अशी गोष्ट सांगतात. पण तो केस त्याला परत मिळाला की काही खरं नाही.

शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतली भुतं चाकरी करतात, पण मनातून मालकाची होत नाहीत.

वेताळाच्या फौजेला तर दगडाचं रूपही आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन स्टीव्हन्सन यांनी दख्खनमधल्या वेताळाच्या ठाण्यांचं वर्णन केलं आहे. वेताळ म्हणून एक मोठा, न घडवलेला दगड आणि भोवती वर्तुळात मांडलेले लहान दगड. ही वेताळाची सेना, असं लोक मानतात.

आणि हा सेनापती कुणाच्या हुकमात नसतो, उलट गावच त्याच्या पहाऱ्यात असतं. सिंधुदुर्गात वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, ही त्यामागची श्रद्धा. रायगडमध्येही राखणदार देवाचा मान मोठा आहे. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्यानंतर निघते तेव्हा पोलीस सशस्त्र सलामी देतात.

पेणचं उदाहरण तर डोळ्यांसमोर असूनही लक्षात येत नाही. ज्या गणपतीच्या मूर्ती पेणच्या कारखान्यांतून जगभर जातात, त्याच्या नावाचा अर्थच ‘गणांचा पती’. आणि शंकराचे गण कोण? भूत, प्रमथ, पिशाच. म्हणजे भुताखेतांच्या सेनेचा अधिपती आपण दर भाद्रपदात घरी आणतो. त्याला हुकूम सोडत नाही, हात जोडतो.

हुकूम सोडायला गेलेल्याचं काय झालं?

आपल्या परंपरेत खराखुरा नेक्रोमॅन्सर एकच, आणि तो आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलाय किंवा वाचलाय. विक्रम-वेताळाच्या गोष्टीतला जोगी.

ही गोष्ट अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’मध्ये सांगितली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्ये आली. पुढे ‘चांदोबा’ मासिकानं आणि १९८५ च्या दूरदर्शन मालिकेनं ती घरोघरी नेली.

आपल्याला त्यातला राजा आठवतो, पाठीवरचं प्रेत आठवतं. पण राजाला स्मशानात पाठवतो कोण? एक जोगी. त्याला प्रेतात शिरलेला वेताळ वश करून अमाप सत्ता मिळवायची असते, आणि त्यासाठी राजाचाच बळी द्यायचा असतो. वेताळ वाटेत राजाला कोडी घालतो. शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं. तेव्हा वेताळच त्याला जोग्याचा डाव सांगून टाकतो आणि मरतो तो जोगी.

ग्रीक अर्थाशी ताडून पाहा. तिथे जिवंत माणूस मेलेल्यांना प्रश्न विचारतो, इथे प्रेतातला वेताळ जिवंत राजाला. आणि ज्याला फौजेची हाव असते, त्याचाच घात होतो.

मग आजीची भीती खोटी का?

गेम खेळल्यानं कुणी उठत नाही. स्क्रीनवरचा सांगाडा म्हणजे चार नियम आणि एक चित्र. अमावास्या असो की पौर्णिमा, तो तसाच चालतो.

पण आजीची भीती हवेतून आलेली नाही. दोन वर्षांपूर्वी हाच मावसभाऊ तापानं पंधरा दिवस पडून होता. तेव्हा घरी एक भगत आला. “माझ्या हाताखाली सात भुतं आहेत, सांगितलं तर काढतील, नाही सांगितलं तर बसतील,” असं म्हणाला. घरानं पैसे दिले, कोंबडा दिला. नंतर रक्त तपासलं तर टायफॉइड निघाला. बरा झाला तो गोळ्यांनी. गेलेले दिवस मात्र परत आले नाहीत, आणि टायफॉइडमध्ये असे दिवस जिवावर बेततात.

हा भगत म्हणजे खऱ्या आयुष्यातला नेक्रोमॅन्सर. त्याच्याकडे फौज नव्हती. फौज आहे असं समोरच्याला वाटणं, एवढंच त्याचं भांडवल होतं.

महाराष्ट्रात यावर कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. मंत्रानं भूत-पिशाच बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा डॉक्टरकडे जाऊ न देता अघोरी उपाय करायला लावणं हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा अजामीनपात्र आहे. पोलिसांत यासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ नंबर आहेच.

गोष्ट सांगायला, देवाला चपला वाहायला किंवा फोनवर सांगाडे उठवायला हा कायदा आड येत नाही. तो आड येतो ते कुणी भुतांच्या नावानं जिवंत माणसाला घाबरवायला लागलं की.

हे सगळं मी भावाला सांगितलं. जोग्याची गोष्ट त्यानं नीट ऐकली, मग म्हणाला, “म्हणजे आपल्या गेममध्ये सांगाडे कधीतरी उलटले पाहिजेत. मग खरी मजा.”

आजी आतून ओरडली, “आधी जेवायला ऊठ.” आणि तो उठला.